आईनं सोडलेली मासळी

मी गाव सोडलं त्या दिवशी शिमग्याची पालखी आमच्या अंगणातून नुकतीच उठली होती. ढोल खालच्या वाडीत वाजत होते आणि मी ओसरीवर सूटकेसची चेन ओढत बसलो होतो. चेन काही लागेना. शेवटी आईनं सूटकेसवर गुडघा ठेवला, मी दात-ओठ खाऊन ओढली आणि एकदाची लागली. थांब्यावर मुंबईला परतणाऱ्यांची ही गर्दी. प्रत्येकाची आई प्रत्येकाला बजावत होती, की बाहेरचं काही खाऊ नको, पोट बिघडेल. आमच्या आईचं सगळंच उलटं. ती म्हणाली, "बाबू, जाशील तिथलं चांगलंचुंगलं खा. आणि मना सांग काय खाल्लंस ता." जन्मात एकदाही हॉटेलात न जेवलेल्या बाईचा हा सल्ला. मी हो म्हणालो. गाडी सुटल्यावर मागे वळून बघायचं राहिलंच, कारण तिकिटाचे सुटे पैसे शोधत होतो.

ते दोन हजार एक साल. बाबा जाऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, ताई लग्न होऊन चिपळूणला होती आणि घरात आई एकटी. आपल्या वाडीच्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी अशी आठवण लिहितं. वाडीत राहिलेले ती वाचतात, बोरिवली-नालासोपारा-दिवा गाठलेलेही वाचतात आणि सगळे म्हणतात, छान लिहिलंय. माझं वाचून म्हणाल की नाही, ठाऊक नाही. कारण मी तुमच्याशी एकदा खोटं बोललोय. नुसता तुमच्याशी नाही, पालखीसमोर. गेली कित्येक वर्षं वाडीतल्या कोणाचाही फोन आला की पहिल्यांदा मनात येतं, याला कळलं तर नसेल? ते आता मला नको झालंय.

मीरा रोडला मी पूनम सागरमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. एजंटनं चावी देण्याआधी दारातच सांगितलं, "देखो भाई, ग्यारह महीने का एग्रीमेंट. और मच्छी-मटन नहीं चलेगा, सेठ को पसंद नहीं. पहले बोल देता हूँ." मी लगेच मान डोलावली. मुळात मी घाबरट. कोणी 'पहले बोल देता हूँ' म्हटलं की मी पुढचं न ऐकताच कबूल होतो. पण मासळीशिवाय मला भात गिळवत नसे. पहिले काही महिने लोणच्याशी जेवलो. शेजारी नवीन आले की मला वाटे, आपण गावाहून आणलेल्या सुकटीचा वास यांना येत असेल. ती सुकट मी तीन पिशव्यांमध्ये गुंडाळून कपाटात कपड्यांमागे ठेवली होती. पुढे माझ्या शर्टांना तिचा वास येऊ लागला तेव्हा नाइलाजानं कोणाला तरी देऊन टाकली.

नोकरी नळांच्या कंपनीत. नळ, शॉवर, बेसिनची मिक्सर यांचे नमुने भरलेली बॅग खांद्याला लावून डीलरांकडे फिरायचं. बॅग इतकी जड की माझा डावा खांदा अजून खाली आहे. कोकण, रायगड, डहाणूपासून सुरतेपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. घरी मासळी शिजवायची सोय नाही आणि महिन्यातले पंधरा दिवस समुद्राच्या कडेनं फिरायचं, मग काय होणार? डीलरला मी पहिला प्रश्न ऑर्डरचा विचारी आणि दुसरा, इथं मासे कुठे चांगले मिळतात. काही ठिकाणी दुसरा पहिल्याच्या आधी. पेण-अलिबागच्या वाटेवर एका घरगुती खानावळीत जिताड्याचं कालवण खाल्लं, ते मिळावं म्हणून मी पेणचा डीलर मुद्दाम दुपारचा ठेवायचो. डहाणूला स्टेशनच्या मागे एक बाई ओले बोंबील रवा लावून असे तळायची की बाहेरून कुरकुरीत आणि आत नुसती साय. मालवणात बंदराच्या वाटेवर एका वहिनींनी आपल्या पडवीत चार टेबलं मांडली होती. त्या हिरवं वाटण भरून अख्खं पापलेट करायच्या. पापलेट काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं म्हटलं तरी चालेल. आमच्या घरी बांगडा, तारली आणि पावसात सुकं. पापलेट हे मुंबईकरांचं आणि सायबांचं.

हे सगळं मी आईला सांगायचो. वाडीत फोन एकच होता, बाळाकाकांच्या घरी. बाळाकाका म्हणजे आमचे गावकर, पालखीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मी बूथवरून फोन करायचो, ते अंगणातून आईला हाक मारायचे आणि आई पदराला हात पुसत यायची. मी कसा आहे, ताप-खोकला आहे का, हे तिनं क्वचितच विचारलं असेल. "काय खाल्लंस?" हाच पहिला सवाल. मग त्यातून फाटे. "वाटण कसलं होतं? कोथमीर जास्त की पुदिना? आंबटाला काय, सोलं की चिंच? तिरफळ टाकलान होतान काय?" मी काचेच्या खोलीत घामाघूम होऊन आठवून आठवून सांगायचो. ऐकता ऐकता ती मध्येच गप्प व्हायची आणि म्हणायची, "बरं. पुढं?" त्या पापलेटाचं तर मला तीनदा सांगावं लागलं. मला वाटायचं, आपण आईला किती आनंद देतोय.

दोन हजार पाच साली, गणपतीनंतर, ताईचा फोन आला. आवाज चढलेला होता. म्हणाली, "तू आईला अजून मासळीच्या गोष्टी सांगतोस? लाज नाही वाटत?" मला काही उलगडेना. मग तिनं सांगितलं. मी गाव सोडलं त्याच शिमग्याला, मी आत सूटकेस भरत असताना, आईनं पालखीपुढे नवस बोलला होता, की पोराला मुंबईत स्वतःची जागा होईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. तुम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. चार वर्षं अख्ख्या वाडीला माहीत होतं, एक मी सोडून. आईनं सगळ्यांना बजावलं होतं म्हणे, की त्याच्या जिवाला घोर नको.

तुम्ही विचाराल, दर शिमग्याला आणि गणपतीला घरी जाऊन तुला दिसलं कसं नाही? मीही स्वतःला हेच विचारलं. आई आम्हाला वाढायची, आमची पानं उठली की मागाहून एकटी चुलीपाशी बसायची. तिच्या ताटात काय असतं हे मी कधी वाकून बघितलंच नाही. त्या चार वर्षांत तिनं मला स्वतःच्या हातानं बांगड्याचं तिखलं रांधून वाढलं होतं आणि मी बोटं चाटत म्हणत होतो, आई, त्या डहाणूच्या बोंबलांची सर कशालाच नाही. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ताईचा फोन ठेवला तेव्हा मी पूनम सागरमधलीच दुसरी खोली सोडायच्या बेतात होतो. अकरा महिने भरत आले होते. जागा घ्यायची इच्छा होती, पण मीरा रोडचे भाव माझ्या पगाराच्या पुढे चार पावलं चालत होते. मी एक पाऊल टाकलं की ते दोन. आणि आई वाट बघत कोकमाच्या सारावर जेवत होती. पन्नाशी उलटलेली बाई, आणखी किती वर्षं? मला झोप येईना, जेवण जाईना. आठवडाभर असा काढला आणि मग एका दुपारी बूथवर जाऊन म्हणालो, "आई, जागा घेतली."

माझा हिशोब साधा होता. आज ना उद्या घेणारच आहे, दोन वर्षं पुढची गोष्ट आत्ता सांगितली एवढंच. तोवर देवानं थोडं सांभाळून घेतलं तर त्याचं काय जाणार आहे?

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाळाकाकांचा, "शाब्बास रे पठ्ठ्या! आपल्या वाडीचं नाव काढलंस!" फोन त्यांच्या ओटीवर, म्हणजे तासाभरात वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत बातमी. 

डिसेंबरात बाळाकाका भाईंदरला कोणाच्या तरी लग्नाला आले आणि मला फोन केला, "येतो तुझी जागा बघायला." मी नवीन भाड्याच्या खोलीत राहायला जाऊन महिना झाला होता. दारावर मालकाच्या नावाची पितळी पाटी, स्क्रूनं घट्ट बसवलेली. तिच्यावर कॅलेंडर लावून बघितलं, तोरण लावून बघितलं. पाटी खालून डोकावतेच. शेवटी काकांना मी भाईंदरच्या केबिन रोडवरच गाठलं आणि म्हणालो, "काका, घरात रंगकाम चाललंय. पाय ठेवायला जागा नाही." एका हॉटेलात बसवून त्यांना पावभाजी खाऊ घातली, वर फालुदा. काका खूश. पण त्यांना चहा पाजताना मी मेनूकार्ड तोंडापुढे धरलं, कारण समोरून माझा एजंट येत होता आणि तो मला हाक मारेल अशी मला भीती. निघताना काका म्हणाले, "रंग होऊ दे सावकाश. शिमग्याला येशील तेव्हा जागेचा कागद घेऊन ये हां. देवापुढं ठेवू. आईचा नवस रीतसर फेडूया."

कागद माझ्याकडे होता. मागच्या खोलीचा, अकरा महिन्यांच्या एग्रीमेंटचा, स्टॅम्पपेपरवर इंग्रजीत टाइप केलेला, तोही मुदत संपलेला. दुसरा कुठून आणणार होतो?

त्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणात बसली तेव्हा तुम्ही बहुतेक सगळे होता. आईनं सारवलेल्या जमिनीवर पाट मांडला होता, पाटावर तो कागद. तिनं देवापुढं तांदूळ-सुपारी ठेवली आणि मग कागदाला हळद-कुंकू लावलं. जिथं लिहिलं होतं की भाडेकरूनं मुदत संपताच जागा विनातक्रार रिकामी करावी, नेमकं तिथं कुंकवाचं बोट उमटलं. ते वाचता येणारा अंगणात कदाचित मी एकटाच होतो. कदाचित नव्हतो, कोणास ठाऊक. बाळाकाकांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरानं म्हमईत सोताची जागा केलान हाय..."

"होय म्हाराजा!" तुम्ही सगळे म्हणालात.

"हेच्या आईनं जो नवस केलान होता, तो आज फेडते हाय..."

"होय म्हाराजा!"

"काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल, आणि जशी आजवर राखण केलीस तशी पुढंबी कर रे म्हाराजा!"

तेव्हा मी 'होय' म्हणालो नाही. ओठ हलवले फक्त. नारळ एका फटक्यात फुटला, सगळ्यांनी शकुन चांगला म्हटलं, आणि मला मात्र वाटलं की देवानं मुद्दामच फोडून घेतला. हा लबाड आणखी किती पुढे जातो, बघू.

त्या संध्याकाळी शेजारच्या बाया आईला म्हणाल्या, घे, आता कर बांगडे. आई लाजून म्हणाली, "नाय. पैला घास बाबूच्या त्या पापलेटाचा." चार वर्षं फोनवर ऐकलेलं तिला एकदा खायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही मालवणला निघालो. आईनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रस्ताभर ती खिडकीतून बघत होती, मी तिच्याकडे. गाडीनं घाटात जरा जोरात वळण घेतलं तरी मी पुढचा दांडा पकडायचो. खोट्या नवसावर चाललेलो, अपघात झाला तर अख्ख्या गाडीचं पाप माझ्या माथी, असले विचार. कणकवलीला गाडी बदलली. मालवणात उतरेस्तोवर माझं डोकं ठणकत होतं.

खानावळीच्या वहिनींनी मला ओळखलं. "आज आईक घेवन इलास?" म्हणत टेबल पुसलं. आई खुर्चीच्या काठावर बसली, पाय वर घ्यायचे की खाली सोडायचे हे तिला ठरवता येईना. पाण्याचा ग्लास आला तर ती उठून आणणाऱ्याला म्हणाली, "राहू दे, मी घेते." मग ताटं आली. भात, चपाती, सोलकढी, बांगड्याचं कालवण आणि मधोमध ते भरलेलं पापलेट. आईनं हात जोडले, पुटपुटली आणि पहिला घास मोडला.

मी आयुष्यात कोणाला तसं जेवताना पाहिलेलं नाही. ती घाई करत नव्हती. वाटणाचा कण जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "पुदिना नाय रे. नुसती कोथमीर हाय, आणि ओलं खोबरं. तू खोटं सांगितलंस." खोटं हा शब्द ऐकून मी ताटात मान घातली. मी सोलकढी प्यायलो. तिनं अर्धं पापलेट संपवलं, मग ओळखीच्या माणसाकडे वळावं तशी बांगड्याच्या वाटीकडे वळली. भाताबरोबर एक तुकडा तोंडात घातला आणि थांबली.

काटा. पाच वर्षांत तिची काटे वेचायची सवय गेली होती. जन्मभर ज्या बांगड्यावर वाढली त्याचाच काटा घशात. ती खोकली, डोळ्यांना पाणी आलं, चेहरा लाल झाला. वहिनी आतून धावत आल्या, "भाताचो गोळो गिळा, नुसतो गिळा!" आई गोळा करून गिळू लागली. आणि मी, ज्यानं तिची पाठ चोळायची, तो हातातला घास तसाच धरून म्हणालो, "आई, मी जागा घेतली नाय. तो कागद भाड्याचा होता. खोटं बोललो मी. आई, तू थुंक ते, थुंकून टाक."

दुसऱ्या गोळ्याबरोबर काटा खाली गेला. आई पाणी प्यायली, तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, तिनं ऐकलंच नसेल. एक क्षण तर, खरंच सांगतो, तसं झालं असेल तर बरं, असंही वाटून गेलं. पण ती ताटातल्या उरलेल्या अर्ध्या पापलेटाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "त्या कागदाला मी कुंकू लावलं रे."

एवढंच. मग उठून बेसिनपाशी गेली, हात धुतले, चूळ भरली. वहिनींना म्हणाली, "लय चांगलं केलंय हो. माजंच पोट भरलं." मला म्हणाली, "ता संपव. अन्न टाकायचं नाय." ती समोर बसून राहिली आणि मी ते अर्धं पापलेट संपवलं. ज्याच्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी करून मालवणला यायचो त्याला त्या दिवशी चव नव्हती.

परतीच्या गाडीत राजापूर येईपर्यंत ती खिडकीतून बघत होती. मग बाहेर बघतच म्हणाली, "परत सोडली मी. आजपासून."

"आई, माझ्यामुळं तू कशाला..."

"देवाचं मी बघन. वाडीत मात्र अवाक्षर काढायचं नाय. बाळाभावजींनी गाऱ्हाणं घातलान हाय, त्यांची मान खाली जायला नको."

म्हणजे पुढची वर्षं ती वाडीशीही खोटं बोलत राहिली, माझ्यासाठी. तुम्ही तिला वाटीतून कालवण धाडायचात. नवस फिटला, आता खा की, म्हणायचात. ती सांगायची, डॉक्टरनं बंद केलंय, अंगाला खाज येते. वाटी मांजरापुढे रिकामी करायची आणि घासून परत द्यायची. जिनं कधी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, ती बाई मला वाचवायला एवढं शिकली.

मीही मासे सोडले. नवस नव्हे, हिंमतच झाली नाही. टूरवर लॉजखालच्या हॉटेलात वरणभात खायचो. एकदा तिनं फोनवर विचारलं तर मी तेच सांगितलं आणि ती चिडली. "येवढा लांब जाऊन वरणभात? तुला काय रोग झालाय?" मी रडकुंडीला येऊन म्हणालो, आता तुला काय सांगू मी? ती म्हणाली, "जगात मासळीशिवाय काय शिजत नाय काय?" मग मी पुन्हा शोधायला लागलो, आता तिला खाता येईल असं. वलसाडजवळ हायवेला मडक्यात पाला घालून भाजलेले कंद मिळतात, ते शोधले. एकदा दुसऱ्याच्या बदली जळगावची टूर मिळाली तेव्हा कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून घेतलं, रत्नागिरीला पोचेपर्यंत ते आंबलं. बेळगावचा कुंदा मात्र टिकला. तिनं तो बोटानं चाटून बघितला आणि म्हणाली, "दूध लय आटवलान. पण गोड हाय." माझ्यावरचा राग गेलाय की नाही हे तिच्या बोलण्यावरून कळायचं नाही. मी प्रत्येक पार्सलच्या वेळी तिचा चेहरा बघायचो आणि काही न कळताच परत यायचो.

दोन हजार आठला विहिरीवर पाय घसरून आई पडली. गुडघा गेला. ताईच्या घरी सासू अंथरुणाला, तिथं ठेवणं शक्य नव्हतं. मी गावी गेलो, आईनं भांडी पालथी घातली, देव ताटात घेतले, दाराला कुलूप लावलं आणि चावी बाळाकाकांकडे दिली. कुलूप लावून झाल्यावर तिनं ते दोनदा ओढून बघितलं. मी आणखी तिसऱ्यांदा.

तेव्हा मी मीरा रोडलाच, बेव्हर्ली पार्कच्या पुढे, चौथ्या भाड्याच्या घरात होतो. इथल्या मालकाची मासळीला मनाई नव्हती, पण ती करणार कोण? आई आली ती सरळ स्वयंपाकघरात. तिनं दारावरची मालकाची पाटी वाचली असणार, मराठीत होती. पदर खोचून ती भांडी लावायला लागली. शेजारच्या आंटीशी ती मराठीतून बोलायची, आंटी हिंदीतून, आणि दोघींचं छान चालायचं. मला मात्र वेगळीच काळजी. एग्रीमेंट संपायला दोन महिने उरले होते आणि मालक वाढवून द्यायला तयार नव्हता. गुडघ्यानं अधू झालेल्या आईला, नुकतं घर सोडून आलेल्या आईला, हे कसं सांगायचं, या विचारानं मी टूरवरही नळांचे भाव चुकीचे सांगायचो.

एका रविवारी दुपारी सुरतेहून परतलो तर जिन्यातच मासे तळल्याचा वास. वाटलं, शेजारी असतील. दार उघडलं तर धूर आमच्याच घरात. आई स्टुलावर बसून तव्यावर मांदेली तळत होती. दारात उत्तनची कोळीण टोपली उचलत होती, आईला म्हणाली, "उद्या बोंबील आनते हां बाय. ताजं हाय आमचं, बरफातलं न्हाय," आणि गेली.

मी बॅग खाली ठेवायचं विसरलो. "आई, अगं, काय करतेस? जागा आपली नाय अजून."

"म्हायती हाय. आणि दोन म्हैन्यांनी ही पण सोडायची हाय. आंटीनं सांगितलान."

"मग नवस?"

तिनं मांदेली एकेक करून उलटली. सगळी उलटून झाल्यावर म्हणाली, "मी देवाला स्वतःची जागा का मागितली होती? भाड्याच्या घरात पोर एकटा, कोण बी कवा बी बाहेर काढील, ह्या भीतीनं. माझं मन तिकडं गावात बसून तुझ्या दाराशी असायचं. आता मी हितंच हाय. गावाला कुलूप घालून आलेय. मला दुसरं घर नाय बाबू. मग हेच माझं."

"पण देवाला विचारलंस?"

"विचारलं नाय," आई म्हणाली. "सांगितलं."

आणि तिनं दोन ताटं घेतली. आधी माझं वाढून मग मागाहून स्वतःचं, असं केलं नाही. दोन्ही एकदम वाढली आणि माझ्यासमोर बसली. चाळीशीकडे झुकलेला मी, आईला समोरासमोर बसून मासळी खाताना घरात पहिल्यांदा बघत होतो. मांदेलीला काटा नसल्यासारखाच, तरी मी भाताचा एक गोळा करून ताटाच्या कडेला ठेवला होता. तिनं तो बघितला आणि हसली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

म्हणून मंडळींनो, त्या शिमग्याला तुम्ही 'होय म्हाराजा' म्हणालात ते माझ्या खोट्यावर म्हणालात. बाळाकाका, तुमच्या तोंडून मी देवाला फसवलं. मला माफ करा. हे लिहू का, असं मी आईला विचारलं तर म्हणाली, "लिही. खाज-बिज येते, हे सांगून सांगून मीच कंटाळलेय." जागा अजून झालेली नाही. होईल की नाही, सांगता येत नाही आणि त्याची भीती अजून वाटते, ती गेली असं मी म्हणणार नाही. कोणी मीरा रोडला आलात तर या. पाटी दुसऱ्याच्या नावाची असेल, पण जेवण आईच्या हातचं मिळेल.

ते चौथं घर आम्ही ठरल्याप्रमाणे सोडलं. टेम्पोत सामान चढत होतं, मी भांड्यांची पोती मोजत होतो, एक कमी भरत होतं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो. आई खाली गेटपाशी खुर्चीवर बसली होती. तेवढ्यात ती उत्तनची कोळीण आली आणि सामान बघून टोपली घेऊन उभीच राहिली. म्हणाली, "चालली काय गो बाय? गावाला?"

"नाय गो, गावाला कशाला?" आईनं काठीनं रस्त्यापलीकडे दाखवलं. "ती पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला, जिन्याला लागून पयलं दार. उद्या तिथं ये. आमचं घर तिथं हाय."